सुईत औषध नाही, मग दुखणं कमी कसं होतं?

फिजिओथेरपिस्टनी सुईचं पाकीट फोडलं की टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यात औषध कुठलं आहे?" औषध नाही म्हटल्यावर दुसरा येतो : "मग टोचायची कशाला?" तिसरा बहुतेक जण घरी गेल्यावर विचारतात, बायकोला किंवा मुलाला : "हे चिनी अॅक्युपंक्चरच ना?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात आता बऱ्याच फिजिओथेरपी क्लिनिकच्या पाटीवर 'ड्राय नीडलिंग' लिहिलेलं दिसतं. लोक सुई टोचून घेतातही, पण आपल्या अंगात नेमकं काय केलं गेलं हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते सांगण्यासाठी हे प्रकरण.

१. सुई कशी असते

इंजेक्शनची सुई ही पोकळ नळी असते. तिचं टोक तिरकं कापलेलं असतं, आणि दंडात टोचायची साधारण सुई सुमारे ०.६ मिलिमीटर जाड असते. ड्राय नीडलिंगची सुई भरीव असते. स्टेनलेस स्टीलची, बहुधा ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीची, म्हणजे इंजेक्शनच्या निम्मी किंवा त्याहून बारीक. ती पोकळ नसल्यामुळे तिच्यातून काही आत सोडता येत नाही. लांबी जागेप्रमाणे बदलते : मानेला २५ मिलिमीटर पुरते, तर कुल्ल्याच्या खोल स्नायूंसाठी ७५ मिलिमीटरचीही लागते. टोक तिरकं कापलेलं नसल्याने ती तंतू कापण्यापेक्षा बाजूला सारत आत शिरते.

प्रत्यक्षात घडतं ते असं. थेरपिस्ट हातमोजे घालतात, जागा स्पिरिटने पुसतात. सुई प्लास्टिकच्या एका छोट्या नळीत असते. ती नळी त्वचेवर उभी धरायची आणि वर डोकावणाऱ्या सुईच्या माथ्यावर बोटाने एक टिचकी मारायची. त्वचेतून आत जाताना फारसं कळत नाही. मग नळी काढून सुई हळूहळू खाली नेतात. "काकू, आता आत एकदम उडी मारल्यासारखं होईल हं, घाबरू नका," असं सांगायला चांगला थेरपिस्ट विसरत नाही. कारण पुढच्याच क्षणी स्नायू खरोखर फडकन उडतो.

ही उडी समजून घ्यायची तर आधी स्नायूतली गाठ समजून घ्यावी लागेल.

२. गाठ म्हणजे काय

मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत जो मांसल भाग आहे तो चिमटीत धरून बोटं मागेपुढे करून पाहा. बऱ्याच जणांना आत ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा लागेल, आणि त्या पट्ट्यात एक बिंदू असा सापडेल की दाबला की तोंडातून "आई गं" निघेल. हाच ट्रिगर पॉइंट. आपण त्याला गाठ म्हणतो, पण कर्करोगाच्या किंवा चरबीच्या गाठीशी तिचा काही संबंध नाही. स्नायूतले थोडे तंतू आकसलेल्या अवस्थेत अडकून बसलेले असतात, एवढंच.

ते अडकतात का? इथे स्नायूबद्दलची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आकसायला ऊर्जा लागते हे आपल्याला माहीत असतं. सैल व्हायलाही ऊर्जा लागते, हे मात्र सहसा माहीत नसतं. पेशीतला एटीपी नावाचा रेणू ही ऊर्जा पुरवतो, आणि तो भरपूर तयार व्हायला रक्तातून प्राणवायू यावा लागतो. आता संध्याकाळी अंधेरीला विरार लोकलच्या दारात काय होतं ते आठवा. ज्यांना उतरायचं आहे त्यांना वाट मिळत नाही, कारण फलाटावरून चढणाऱ्यांचा रेटा आहे. आणि उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांना जागा होत नाही. कुणाचीच चूक नसते, पण दार तुंबतं. गाठीत तसंच होतं. आकसलेले तंतू बारीक रक्तवाहिन्यांवर दाब देतात, रक्त कमी येतं, एटीपी कमी पडतो, म्हणून तंतू सुटत नाहीत; आणि सुटत नाहीत म्हणून दाब कायम राहतो.

ही मांडणी मुख्यतः अमेरिकेतले डॉ. डेव्हिड सायमन्स यांची. ती आकर्षक आहे, पण निर्विवाद नाही. २०१५मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन या अभ्यासकांनी तिच्यावर कडक टीका केली. दोन तज्ज्ञांना एकाच माणसाच्या पाठीत गाठ एकाच जागी सापडेलच असं नाही, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक. तरीही दाबल्यावर दुखणारी, नेहमीचंच दुखणं जागं करणारी जागा असते हे रोजच्या तपासणीत दिसतं. तिचं कारण काय, यावर वाद आहे. वाचकाने एवढं ध्यानात ठेवावं की 'तुमच्या गाठी फोडून टाकतो' असं कुणी छातीठोक म्हणालं, तर तो माहीत असलेल्यापेक्षा जास्त बोलतो आहे.

३. दुखतं एकीकडे, मूळ दुसरीकडे

समजा, मुलुंडहून रोज फोर्टला जाणाऱ्या एक बाई आहेत. जाताना-येताना पाऊण तास उजवा हात वर करून कडी धरलेली, डाव्या खांद्यावर पर्स आणि डबा, दिवसभर मान कॉम्प्युटरकडे. त्यांचं उजवं कानशील दुखतं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. फिजिओथेरपिस्ट कानशिलाला हातच लावत नाहीत. खांद्याचा तो चिमटीतला पट्टा पाच-दहा सेकंद दाबून धरतात आणि विचारतात, "आता काय होतंय?" बाई दचकून सांगतात, "अहो, हेच ते! कानशिलात आलं बघा."

हे 'हेच ते' सर्वांत महत्त्वाचं. दाबलेली जागा दुखली, याला फारसा अर्थ नाही. जोरात दाबलं तर कुणाचंही दुखेल. आपलं ओळखीचं दुखणं त्या दाबाने उभं राहिलं, तरच ती जागा कामाची.

दूर जाणारं हे दुखणं काही कल्पना नाही. १९३८मध्ये लंडनमध्ये जॉन केल्ग्रेन यांनी माणसांच्या स्नायूंत तीव्र मिठाचं पाणी थोडंसं टोचलं आणि कुठे-कुठे दुखतं ते नोंदवलं. टोचलं एकीकडे आणि कळ दुसरीकडे, असं पुन्हा पुन्हा दिसलं. वेगवेगळ्या जागांहून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूत एकाच पेशीगटापाशी पोचतात, आणि मेंदूला नेमका पत्ता लागत नाही, हे त्याचं सर्वमान्य स्पष्टीकरण. पुढे डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर हे नकाशे काढले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या त्याच, आणि व्हाइट हाउसच्या वैद्य झालेल्या पहिल्या स्त्रीही त्याच. सायमन्स यांच्यासोबतच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३मध्ये आला. कुल्ल्याच्या एका लहानशा खोल स्नायूतली गाठ मांडीच्या बाहेरून थेट घोट्यापर्यंत कळ पाठवते, हे त्याच ग्रंथाच्या पुढच्या, दुसऱ्या खंडात सविस्तर दाखवलं आहे. 'सायटिका' म्हणून आलेल्या काही पेशंटची कंबर निर्दोष निघते, त्याचं एक कारण हे.

४. सुई आत गेल्यावर

ट्रॅव्हेल गाठीत भूल देणारं औषध टोचत. कोरड्या सुईची कहाणी प्रागच्या डॉ. कारेल लेविट यांच्यापाशी येते. १९७९मध्ये त्यांनी लिहिलं की गुण औषधाचा की सुईचा, हे वेगळं करून पाहायला हवं. त्यांनी २४१ पेशंटच्या ३१२ दुखऱ्या जागी नुसती सुई घातली. नेमका बिंदू गाठला गेला, तेव्हा ८६.८ टक्के वेळा दुखणं तिथल्या तिथे थांबलं.

हा आकडा जाहिरातीत सापडतो. त्याच लेखातला पुढचा हिशोब सहसा सापडत नाही, म्हणून तो इथे मांडतो. नंतर पाठपुरावा झालेल्या २८८ जागांपैकी ९२ जागी आराम कायम टिकला. ५८ जागी काही महिने, ६३ जागी काही आठवडे, ३२ जागी काही दिवस. म्हणजे लगेचचा आराम दहात जवळपास नऊ वेळा, पण टिकाऊ आराम दहात तीनच वेळा. शिवाय या अभ्यासात सुई न टोचलेला तुलनेचा गट नव्हता. सुईच्या उपचाराबद्दल मला जे सांगायचं आहे ते या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे : सुई सवड मिळवून देते. त्या सवडीत स्नायूला बळ दिलं नाही, तर दुखणं पुन्हा येतं.

ती सवड कशी मिळते? स्नायूची ती उडी मज्जारज्जूमार्गे येणारी एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये जय शाह आणि सहकाऱ्यांनी एक खास सुई बनवली, जी आत असताना तिथला द्रव थेंबाथेंबाने बाहेर खेचते. दुखऱ्या गाठीतला द्रव जास्त आम्लधर्मी निघाला आणि त्यात वेदना जागवणारी रसायनंही जास्त होती. स्नायू उडाल्यानंतर त्यांतल्या काहींचं प्रमाण घटलं. दुसरी गोष्ट मज्जारज्जूत घडते : टोचण्याचा नवा संदेश जुन्या वेदनेचा संदेश काही काळ दाबतो. आणि विश्वासाचाही वाटा आहेच. आपल्याला बरं वाटणार असं वाटलं की मेंदू स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतो. त्यात कमीपणा काही नाही, पण खोट्या सुईशी तुलना करूनच खऱ्या सुईची किंमत ठरवायची, ती याचमुळे.

५. हे अॅक्युपंक्चरच ना?

सुई तीच, विचार वेगळा. अॅक्युपंक्चरमध्ये शरीरातल्या ऊर्जामार्गांची कल्पना असते. त्यांवरचे ठरलेले बिंदू घेतात, आणि दमा, मळमळ, झोप अशा अनेक तक्रारींसाठी सुया लावतात. ड्राय नीडलिंगमध्ये बिंदू हाताने शोधायचा, स्नायूची रचना पाहायची, आणि तक्रार हाडं-स्नायू-नसांचीच असते.

अॅक्युपंक्चर भारतात आलं त्या वाटेवर एक मराठी नाव उभं आहे. १९३८मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. ते तिथेच डिसेंबर १९४२मध्ये, बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांचे साथी, कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू, १९५८-५९मध्ये पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. त्यांनी कोटणीसांच्या नावाने चालवलेल्या समितीतून ते देशभर पोचलं. पुढे महाराष्ट्राने अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा केला, २०१५चा अधिनियम, आणि केंद्राने २०१९मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

फिजिओथेरपीचा प्रवाहही त्याच परळच्या आवारातून निघतो. मुंबईत पोलिओची साथ आल्यानंतर १९५३च्या सुमारास केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. मुलांच्या लुळ्या पायांत बळ आणणं हे तिचं पहिलं काम. बळ आणण्याचा हा मूळ धर्म सुई हातात आल्यावर विसरू नये, असं मला कळकळीने वाटतं.

६. टेंडनचं दुखणं

स्नायू हाडाला जिथे चिकटतो तो चिवट पांढरा भाग म्हणजे टेंडन. कपडे पिळून, पोळ्या लाटून किंवा बॅडमिंटन खेळून कोपराची बाहेरची बाजू दुखू लागते, किंवा नॅशनल पार्कात कान्हेरीच्या चढावर धावून टाचेमागची जाड दोरी सकाळी आखडते, ते टेंडनचं दुखणं. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरून यायला आठवडे नव्हे, महिने लागतात.

इथे सुईचे दोन उपयोग. पहिला सोपा : टेंडनला खेचून धरणारा स्नायू, म्हणजे कोपरासाठी मनगटाकडे जाणारा आणि टाचेसाठी पोटरीचा, त्यातल्या गाठी सैल करायच्या. दुसरा अवघड : सुई थेट खराब झालेल्या टेंडनमध्ये घालून बारीक इजा करायची, म्हणजे तिथे रक्त येऊन दुरुस्ती पुन्हा सुरू व्हावी. स्पेनमध्ये याची पुढची पायरी रूढ झाली. सुईतून एकदिश विद्युतप्रवाह सोडतात, टोकापाशी शरीरातल्याच मीठ-पाण्यापासून अल्कली बनतं आणि खराब ऊती विरघळते. हे सोनोग्राफीत सुईचं टोक बघत-बघत करायचं असतं.

आणि आपल्याकडे तिथेच अडतं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत केंद्रालाच विकता येतं. परदेशात फिजिओथेरपिस्टच्या टेबलाशेजारी दिसणारं यंत्र उपनगरातल्या क्लिनिकमध्ये सहसा नसतं. या कायद्याचं कारण लाखमोलाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त, टेंडनच्या आत सुई घालायची असेल तर रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोग्राफीची सोय असलेल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञाकडे जाणं बरं.

खरा उपचार मात्र वजनाचा. स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८मध्ये टाचेमागच्या दुखण्याने बेजार झालेल्या १५ हौशी धावपटूंना पायरीवर उभं करून टाच हळूहळू खाली सोडायला लावलं. १५ वेळा, तीन फेऱ्या म्हणजे ४५. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून अशा दोन प्रकारांनी ९०. सकाळ-संध्याकाळ मिळून १८०, रोज, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. जानेवारीच्या मॅरेथॉनआधी एक-दोन सुया टोचून 'मोकळं करून द्या' म्हणणाऱ्यांनी या १८०चा विचार करावा.

७. नसेचं दुखणं

'नस दबली आहे' हे वाक्य आपल्याकडे फार सैलपणे वापरलं जातं. नस खरोखर दबली असेल तर दुखण्यासोबत मुंग्या, बधिरपणा किंवा ताकद कमी होणं दिसतं, आणि तेही त्या नसेच्या ठरलेल्या पट्ट्यातच. सुई नसेत कधीच घालत नाहीत. नसेच्या वाटेवरचे घट्ट स्नायू सैल करतात, किंवा नसेजवळ सुई ठेवून तिच्यातून मंद विद्युतस्पंद सोडतात. सेकंदाला दोन-चार ठोके पडले की स्नायू तालात हलू लागतो. व्हँकुव्हरचे डॉ. चॅन गन यांचं म्हणणं त्याहून वेगळं : स्नायूतलं दुखणं हे मुळात पाठीच्या कण्यापाशी चिडलेल्या नसमुळाचं, म्हणून तिथल्या स्नायूंतही सुई हवी. त्यांचा हा विचार पुष्कळ थेरपिस्ट पाळतात.

पाऊल उचलता न येणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, यांपैकी काहीही असेल तर सुईची वेळ नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मधुमेहामुळे तळपायांना येणाऱ्या बधिरपणावरही ड्राय नीडलिंग हा इलाज नाही.

८. टोचून घेण्याआधी

आयर्लंडमध्ये फिजिओथेरपिस्टांनी दिलेल्या ७,६२९ उपचारांची नोंद झाली. सुमारे १९ टक्के वेळा किरकोळ त्रास झाला : काळंनिळं पडणं, थेंबभर रक्त, दुखणं. गंभीर इजा एकही नाही. पण गंभीर इजा होऊ शकते, आणि तिची जागा नेमकी तीच आहे जिथे मुंबईकर सर्वाधिक दुखतं म्हणतात : खांदा आणि पाठीचा वरचा भाग. फुप्फुसाचं टोक गळ्याच्या हाडाच्याही थोडं वर येतं. म्हणून खांद्याचा स्नायू चिमटीत उचलून, सुई छातीपासून लांब राहील अशी घालतात. घरी गेल्यावर दम लागला किंवा श्वास घेताना छातीत टोचलं, तर 'गाठ सुटतेय' म्हणून थांबू नये, तडक रुग्णालयात जावं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजणारा हात, सुई बघून येणारी चक्कर, हे सगळं थेरपिस्टनी न विचारताही आपण सांगायचं. रक्तदानाला जाताना सुईचा उपचार झाल्याचं तिथेही सांगायचं. पाकीट आपल्यासमोर फोडलं जावं आणि सुई वापरून झाल्यावर पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात जावी; २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम हेच सांगतात. थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, सुईचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. अंग आपलं आहे.

९. किती वेळा, आणि कधी थांबायचं

टाचेच्या तळव्याच्या दुखण्यावर ऑस्ट्रेलियात मॅथ्यू कॉचेट यांनी ८४ जणांवर केलेला, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार प्रामाणिक वाटतो. निम्म्यांना खरी सुई, निम्म्यांना त्वचेत न शिरणारी खोटी. सहा आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या पावलाची कळ खऱ्या सुईच्या गटात जास्त कमी झाली. हिशोब असा निघाला : चार जणांना खरी सुई टोचली, तर खोट्या सुईच्या तुलनेत एका जास्तीच्या माणसाला लक्षणीय फायदा. आणि तीन जणांना टोचली, तर एका जास्तीच्या माणसाला तात्पुरता त्रास. इतर अभ्यास एकत्र पाहिले तरी चित्र साधारण असंच : काही आठवड्यांपर्यंत सुईचा उपयोग दिसतो, वर्षभरानंतरचा पुरावा तोकडा आहे.

यावरून व्यवहार ठरवता येतो. सुई टोचल्यावर एक-दोन दिवस व्यायामशाळेत गेल्यासारखं अंग दुखेल. शेक घ्यावा, मान-खांदा हलता ठेवावा, झोपून राहू नये. दुखणं उतरलं की त्याच आठवड्यात खांद्याला, पोटरीला, कुल्ल्याला वजन द्यायला सुरुवात करावी, आणि सुया हळूहळू कमी व्हाव्यात. तीन-चार बैठकांत काहीच फरक पडला नाही, तर पाचवी घेऊ नये. थेरपिस्टना सांगावं की निदान पुन्हा पहिल्यापासून तपासू या. कारण कधी गाठ दुसऱ्या स्नायूत असते, कधी दुखणं सांध्याचं असतं, आणि रात्री झोपेतून उठवणारं, वजन घटवत जाणारं दुखणं असेल, तर ते फिजिओथेरपिस्टच्या नव्हे, डॉक्टरांच्या टेबलावर जायला हवं.